कारणाचा रकाना

संशय घेणं हा माझा स्वभाव आहे आणि तो मी कधी लपवला नाही. दूधवाला माप भरतो तेव्हा मी त्याच्या हाताकडे नाही, तोंडाकडे बघते. नवऱ्यानं आपणहून भांडी घासायला घेतली की कुठलं तरी फुटलेलं आहे हे मी समजून जाते. सून म्हणते, "आई, तुमाले तं देवाच्या परसादातही मीठ लागते." म्हणू दे. तीस वर्षं दवाखान्यात सिस्टर म्हणून काढल्यावर दुसरं काय होणार? 'पायरीवरून पडली' म्हणणाऱ्या बाईच्या गालावर पाच बोटं उमटलेली असतात, आणि 'आज घेतलीच नाही' म्हणणाऱ्याचा वास त्याच्या आधी आत येतो. माणूस एक सांगतो आणि अंग दुसरंच. मी अंगाचं ऐकायला शिकले.

म्हणून पुढचं सांगायला जड जातं. एकदा माझा संशय शंभर टक्के खरा होता, आणि नेमकी तेव्हाच मी मूग गिळून बसले.

मी पांढुर्ण्यात एका डॉक्टरांच्या छोट्या खाजगी दवाखान्यात होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्याकडे गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात, आणि एका काठावरून पांढुर्णा नि दुसऱ्या काठावरून सावरगाव एकमेकांवर गोटे मारतात. झेंडा तुटेपर्यंत हे चालतं. बाहेरच्या माणसाला हे ऐकून घेरी येते. आम्ही लहानपणापासून बघतो, आम्हाला त्यात नवल वाटत नाही. त्या दिवशी सरकारी सोय असतेच. शिवाय आमचे डॉक्टर दरवर्षी आपल्या दारासमोर मांडव टाकून फुकट मलमपट्टी करायचे. पुण्य मिळायचं आणि नावही व्हायचं. फोटो तर भरपूर निघायचे.

मांडवातलं रजिस्टर माझ्याकडे असायचं. नाव, गाव, वय, कुठे लागलं, कशानं लागलं, असे रकाने. आता त्या दिवशी शेवटच्या रकान्यात दुसरं काय येणार? शेकड्यानं माणसं, प्रत्येकापुढे तोच शब्द लिहून हात दुखायचा. म्हणून मी एक युक्ती काढली होती. सकाळी मांडव रिकामा असतानाच पहिल्या ओळीत 'गोटमार' लिहायचं आणि खाली पानभर 'वरीलप्रमाणे'च्या दोन-दोन टिकल्या मारून ठेवायच्या. हे पान झालं की पुढचं, मग त्याच्या पुढचं. माणूस आला की फक्त नाव-गाव आणि जखमेची जागा. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली होती. कारण आधी तयार, माणूस मागून येणार, यात काही चुकतंय असं आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

त्या वर्षी दुपारी तीनच्या सुमाराला दोघं जण तिसऱ्याला धरून मांडवात घेऊन आले. मधल्याचा उजवा हात गमछ्यात गुंडाळलेला होता.

"गोटा लागला," दोघांतला जाडा म्हणाला. शर्ट पँटीत खोचलेला, खिशाला पेन. "जल्दी पट्टी करून द्या सिस्टर."

मी जखमी माणसालाच विचारलं, "गाव कोणतं तुमचं?"

"लोधीखेडा."

लोधीखेडा सौंसरच्याही पलीकडे, नागपूरच्या वाटेवर. तिकडचा माणूस गोटमार बघायला येईल, पण पात्रात उतरायला?

"सावरगावकडून होते का पांढुर्ण्याकडून?"

तो उत्तर द्यायचं सोडून जाड्याकडे बघायला लागला. जाडा म्हणाला, "आपल्याकडूनच जी, पांढुर्ण्याकडून."

मी गमछा सोडवला. कोरा होता, घडीच्या रेघासुद्धा मोडल्या नव्हत्या. गोटमारीत लागलेला माणूस स्वतःचा फाटका शर्ट गुंडाळून येतो, दुकानातून गमछा आणत नाही. आतल्या हाताची अंगठा सोडून चारही बोटं मधल्या पेरावर चिरडली होती, चारही एकाच रेषेत. दगडानं बोट फुटतं, वाकडंतिकडं होतं; चार बोटांवर पट्टी ठेवून रेघ ओढल्यासारखा दगड लागत नाही. जखमेला पुठ्ठ्याचा भुरा कण चिकटला होता, खळीचा आंबूस वास येत होता. मी खाली पाहिलं. नदीतून आलेल्यांच्या पोटऱ्या चिखलानं माखलेल्या असतात. याच्या चपला कोरड्या होत्या.

हा हात यंत्रात गेला होता. मला तिथल्या तिथे कळलं.

पुढे मी काय केलं ते सरळ सांगते. मागे दहा-बारा जण उभे होते, डॉक्टर "सिस्टर, पुढचा!" म्हणून ओरडत होते, पण ही सगळी सांगायची कारणं. खरं हे की त्याच्या ओळीत टिकल्या आधीच मारलेल्या होत्या. त्या खोडायच्या म्हणजे डॉक्टरांना सांगायचं, मग पोलीस, मग जबाब. मी जखम धुतली, पट्टी बांधली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. जाड्याला म्हटलं, "आजच्या आज नागपूरला न्या. बोटं वाचायची असतील तर आजच." तो "हाव, हाव" म्हणाला आणि चिठ्ठी मागितली. पट्टी बांधून घेतल्यावर चिठ्ठीसाठी खोळंबणारा माणूस त्या मांडवात मी पहिल्यांदाच बघत होते. तरी मी माझ्या हातानं 'गोटमारीत उजव्या हाताला इजा' असं लिहून, शिक्का मारून त्याला दिली.

दिवाळीनंतर त्या माणसाची बायको दवाखान्यात आली. तिशीची असेल. प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद, पिशवी पोटाशी धरलेली.

"करीच्या दिवशी माह्या नवऱ्याची पट्टी तुमीच केली न?"

ती सांगत गेली आणि मी ऐकत गेले. नवरा सौंसरजवळ पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात होता. संत्र्याचा हंगाम तोंडावर, खोक्यांची मागणी, म्हणून करीलाही काम चालू. पुठ्ठा कापून घड्या पाडणाऱ्या मशीनची जाळी काढून ठेवलेली, कारण जाळी असली की हात सारखा थांबतो आणि खोकी कमी निघतात. त्यात हात गेला. जाडा होता तो तिथला सुपरवायझर.

"सौंसरचा दवाखाना दहा मिंटावर होता बाई," ती म्हणाली. "थे त्याईले गाडीत टाकून पांढुर्ण्याले आले. घंटाभर. हात असा लोंबून राह्यला होता."

कशासाठी, ते तिनं सांगायची गरज नव्हती. वर्षातून एकच दिवस असा, की पांढुर्ण्यात चिरडलेला हात आणला तर कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही. गमछासुद्धा त्यांनी वाटेत विकत घेतला होता.

नागपूरला त्या दिवशी नेलंच नाही. पट्टी झाल्यावर सरळ घरी सोडलं. आठव्या दिवशी बोटं काळी पडली, तेव्हा नागपूर. तिथे चारही काढली. तोवर मालक गोड बोलत होता, गप्प राहा, बरा झाला की कामावर घेतो. बोटं गेल्यावर म्हणाला, आता तू कोणतं काम करशील? मग हिनं कुठून तरी ऐकलं की कारखान्यानं कामगारांचा विमा काढलेला असतो, कामावर हात-पाय गेला, जीव गेला तर भरपाई मिळते. नवऱ्याच्या नावानं अर्ज तिनंच लिहवून घेतला. त्यावर सही नव्हती, अंगठा होता. नवरा दहावी पास होता, पण पेन धरायला बोटं नव्हती.

"आता थे म्हणतेत, चिठ्ठीवर तं गोटमार हाय. तुमी पाह्यलं न जी हात? तुमी सांगा न."

आणि माझा स्वभाव बघा. माझा पहिला संशय तिच्यावरच गेला. भरपाई म्हटली की माणसाला बऱ्याच गोष्टी नव्यानं आठवतात, असं मनात आलं. मी म्हटलं, "तुमच्या नवऱ्यानंच गोटमार म्हणून सांगितलं ना?"

"हाव. भेला होता थो."

"त्या दिवशी शेकड्यानं येतात. मला आठवत नाही."

मी तिला चहा दिला आणि वाटेला लावलं. 'आठवत नाही' हे किती सहज तोंडातून निघालं, याची मला आजही लाज वाटते. डोळ्यांपुढे ती चार बोटं स्पष्ट दिसत असताना मी हे बोलले.

पंधरा दिवसांनी विमा कंपनीकडून चौकशीला एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, बोलणं एकदम मऊ. माझ्या चिठ्ठीची झेरॉक्स समोर ठेवली.

"अक्षर तुमचंच ना?"

"माझंच."

"म्हणजे गोटमारच. बघा बाई, ही पॉलिसी कामावरच्या अपघाताची आहे. कामाच्या जागी, कामामुळे लागलं तर आम्ही देणार. नदीत जाऊन दगड खाल्ला तर आमचा काय संबंध? मालकांचंही म्हणणं गोटमारच आहे."

इथे माझे कान टवकारले. मालकानं विम्याचा हप्ता भरलेला. माणूस कामावर जखमी झाला म्हटलं तर द्यायचं ते विमा कंपनी देणार. मग मालकाला गोटमारीचं एवढं प्रेम का? मी तसं विचारलं. गृहस्थ हसले. "पॉलिसीत जितकी माणसं दाखवली, त्यापेक्षा आत जास्त असतात, बाई. आणि मशीनच्या जाळीचाही प्रश्न निघतो. पण ते आमचं आम्ही बघू. तुम्ही फक्त रजिस्टर दाखवा."

"डॉक्टरांना विचारावं लागेल," मी म्हटलं. ते सोमवारी येतो म्हणून गेले.

मी खुर्चीत बसून राहिले. विमा कंपनीला गोटमार सोयीची. मालकाला सोयीची. सुपरवायझरला, आमच्या डॉक्टरांच्या मांडवाला, आणि मलाही. एवढ्या सगळ्यांना एकच गोष्ट सोयीची असली की तिच्यात पाणी मुरतं आहे हे सांगायला माझ्यासारखी संशयी बाई लागत नाही. ज्याची बोटं गेली तोसुद्धा त्या दिवशी गोटमारच म्हणाला होता.

मी कपाटातून रजिस्टर काढलं. त्या दिवसाचं शेवटचं पान उघडलं आणि हात थांबला. शेवटचं नाव पानाच्या मधोमध होतं. त्याच्या खाली नावं नव्हती, गावं नव्हती, वय नव्हतं; पण 'कशानं लागलं'च्या रकान्यात टिकल्या पार तळापर्यंत गेल्या होत्या. सतरा ओळी. जी माणसं आलीच नाहीत त्या सतरा जणांनाही मी गोटमारीत जखमी करून ठेवलं होतं. ते पान बघितलं की शेंबड्या पोरालाही कळलं असतं की कारण आधी लिहिलंय आणि माणूस नंतर आलाय.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी मला आत बोलावलं. खुर्ची दिली. त्यांच्या हाताखालच्या इतक्या वर्षांत त्या केबिनमध्ये मी दोनदाच बसले असेन, म्हणून मी कडेवरच टेकले. टेबलाखाली संत्र्याचं एक नवंकोरं खोकं होतं. आता पांढुर्ण्यात संत्री कोण कोणाला पाठवतं? शेजारी तगारीनं आणून टाकतात आणि आपण नको म्हणतो.

"रजिस्टर अर्धवट राहिलंय म्हणे," डॉक्टर म्हणाले. "बरं नाही दिसत ते. पूर्ण करून टाका."

"कसं?"

"मागच्या वर्षीची नावं आहेतच. सोळा-सतरा तर भरायची. तुमचं अक्षर, तुमचा पेन." आणि मग प्रेमानं, "तुमची दोन-तीन वर्षं राहिलीत आता. उगाच कोर्टकचेरीच्या फेऱ्या कशाला?"

सोळा-सतरा. म्हणजे त्यांनी मोजल्या होत्या. मला राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली, कारण पेन खरंच माझ्या खिशात होता आणि काम दहा मिनिटांचं होतं. मी "बघते" म्हणाले. बाहेर आले, पट्ट्यांच्या खोलीत गेले, त्या पानाचा आणि त्या माणसाच्या ओळीचा मोबाईलवर फोटो काढला आणि दिवाळीनंतर आलेल्या त्या बाईच्या नंबरवर पाठवला. खाली लिहिलं, 'वकिलाला दाखव. कारण मी सकाळीच लिहून ठेवलं होतं, बघून लिहिलं नाही.' तो नंबर तिनं निघताना बळंच कागदावर लिहून माझ्या टेबलावर ठेवला होता, आणि मी तो का फेकला नाही हे मला सांगता येत नाही.

फोटो गेल्यावर रजिस्टरात कोणी काही भरण्यात अर्थ उरला नाही. पुढच्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, "आता आराम करा." मी केला. नवरा आठ दिवस माझ्याशी धड बोलला नाही, मग आपणहून भांडी घासायला लागला. त्यातही काय फुटलं असेल हे मी बघून घेतलं.

साक्ष उन्हाळ्यात छिंदवाड्याच्या कोर्टात झाली. तिथे सगळं हिंदीत चालतं; मी माझ्या भाषेत सांगते. तो माणूस समोरच्या बाकावर बसला होता, पूर्ण बाह्यांचा शर्ट, उजवा हात खिशात. बायको शेजारी. मालकाच्या वकिलानं विचारलं, "तुम्ही न बघता कारण लिहिलं?"

"हो."

"म्हणजे खोटं लिहिलं?"

"हो."

"मग आज खरं बोलताय यावर का विश्वास ठेवायचा?"

"ठेवू नका," मी म्हटलं. "पान बघा. खाली सतरा टिकल्या आहेत, माणसं नाहीत."

न्यायाधीश साहेबांनी पान बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांनी स्वतः मला विचारलं, "हात बघून तुम्हाला काय वाटलं होतं?"

"यंत्रात गेलाय असं."

"हे तुम्हाला कधी वाटलं?"

इथे 'नंतर विचार केल्यावर' असं म्हणता आलं असतं. कोणी तपासायला येणार नव्हतं. पण शपथ घेतली होती, आणि खोटं लिहून लिहून मी तिथवर आले होते.

"त्याच वेळी. पट्टी बांधताना."

बाकावर त्या बाईनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

निकाल पुढे बऱ्याच महिन्यांनी लागला, आणि त्याच्या बाजूनं लागला. भरपाई मिळाली. मालक आणि विमा कंपनी यांचं आपसातलं भांडण अजून चालू आहे म्हणतात, ते त्यांचं ते बघोत. मला आठवते ती साक्षीच्या दिवसाची परतीची बस. सौंसरला उतरून मला पांढुर्ण्याची गाडी बदलायची होती, त्यांना लोधीखेड्याची. आम्ही एकाच बसमध्ये होतो, ते दोघं पुढच्या बाकावर. रामाकोना मागे पडल्यावर ती वळली.

"तुमाले त्याच दिवशी समजलं होतं?"

"हो."

"मंग मी आली होती तवा आठवत नाही काऊन म्हणलं?"

"भ्याले होते."

चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती मनात काहीतरी जुळवत होती. "तुमी चिठ्ठीवर खरं लेहलं असतं, तं त्याईले त्याच दिवशी नागपूरले न्यावं लागलं असतं. लपवाले काई राह्यलंच नसतं न." मग हळू आवाजात, "बोटं राह्यली असती काय जी?"

मला 'सांगता येत नाही' असं म्हणता आलं असतं. पण मी तीस वर्षं जखमा बघितल्या आहेत.

"दोन तरी," मी म्हटलं.

ती पुढे तोंड करून बसली. मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि मला रडू येत होतं, पण ज्यांचं गेलं त्यांच्या मागे बसून आपण कसं रडायचं?

स्टँडवर ती आधी उतरली आणि न बघता चालायला लागली. तो डाव्या हातानं दांडा धरून उतरला, दोन पावलं गेला आणि परत माझ्या खिडकीशी आला. खिशातला हात त्यानं काढला नाही.

"सिस्टर, तिचं मनावर नोका घेऊ," तो म्हणाला. "तुमी कितीही इचारलं असतं तरी मी गोटमारच सांगतलं असतं. गाडीत त्या सुपरवायझरनं मले पोराची आन घातली होती."

आणि बायकोला गाठायला तो भराभरा चालत गेला.

त्याला खरंच आन घातली होती, की एका म्हाताऱ्या बाईचं मन राखायला तो तेवढं बोलून गेला? मांडवात मी त्याला दोनच प्रश्न विचारले होते, आणि दुसऱ्या वेळी त्यानं माझ्याकडे नाही, जाड्याकडे पाहिलं होतं. जाड्याला बाहेर काढून तिसरा प्रश्न मी विचारलाच नाही. विचारला असता तर तो काय म्हणाला असता, हे आता त्यालाही सांगता येणार नाही. त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा असं मला फार वाटतं. अजून जमलेलं नाही.